अठरावर डबल

"वाइंगडे, ह्या बाईचं काय करायचं?"

चेअरमनसाहेब माझ्या कानात बोलले. पण त्यांचं कानात बोलणं म्हणजे वार्षिक सभेतलं भाषण. हिरव्या टेबलापलीकडं पत्ते वाटणारी मुलगी हसली. बाईंनीही ऐकलं. त्या पर्समधून आवळासुपारीची डबी काढत होत्या.

"काय करायचं म्हणजे?"

"तिला म्हणावं, माघार घे. बाकीचं सगळं जुळलंय."

दुपारचे तीन वाजले होते. पणजीला नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर आम्ही एकवीसच्या, म्हणजे ब्लॅकजॅकच्या स्पर्धेला बसलो होतो. आम्ही म्हणजे आमच्या तालुका दूध संघाचा अभ्यास दौरा. कागदोपत्री आम्ही त्या वेळी दमट हवेत दूध थंड कसं ठेवतात ते बघत होतो. हॉल थंड होता, एवढं खरं.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी संघात टेस्टर. येणाऱ्या दुधाचं फॅट मशीनवर बघायचं, वहीत लिहायचं, आणि ज्याचं फॅट कमी लागलं त्याच्या शिव्या खायच्या. अकरा वर्षं हेच, आणि अकरा वर्षं रोजंदारीवर. माझ्या पिशवीत कायम एक टाईप केलेला कागद असायचा. श्री. शामराव गणपती वाइंगडे यांना टेस्टर पदावर कायम करण्यात येत आहे. दीड ओळ. खाली चेअरमनच्या सहीसाठी टिंबटिंब. घड्यांवर फाटला की मी नवा टाईप करून घ्यायचो. गोव्याला नेला तो पाचवा होता.

चेअरमन विश्वासराव खोत माणूस वाईट नव्हता. त्याला सही करायचा कंटाळा होता, एवढंच. "बघू की" म्हणायचे. मग दिवाळी यायची, मग निवडणूक यायची, मग पुन्हा दिवाळी.

आदल्या वर्षी पलीकडच्या तालुक्याच्या संघाचे चेअरमन हिर्डेकर ह्याच बोटीवरून एक कप जिंकून घेऊन गेले. आमचे साहेब कुणाच्या तरी मयताला तिकडं गेले होते, तेव्हा त्यांनी तो हिर्डेकरांच्या केबिनमधल्या शोकेसमध्ये बघितला. परत आले आणि तीन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"वाइंगडे, तू आकड्यांचा माणूस. त्यो खेळ शीक आन मला शिकीव. कप आला की त्याच दिवशी सही."

"कागद तयार आहे साहेब."

"मग खेळ तयार कर."

तीन महिने मी शिकलो. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत, उपड्या कॅनवर पत्ते मांडून, बॉयलरवरच्या माणसाला समोर बसवून. भाच्यानं कॉम्प्युटरवरून पानं छापून आणून दिली होती. त्यातून मला एक गोष्ट कळली. एरवी हा खेळ पत्ते वाटणाऱ्याशी असतो. आपली बेरीज एकवीसच्या आत राहून त्याच्यापेक्षा जास्त झाली की जिंकलो. एकवीसच्या वर गेली की बुडालो. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा नाहीतर अकराचा. पण स्पर्धेत पत्ते वाटणाऱ्याशी भांडण नसतं. त्याच्याकडून सगळे मिळूनच जिंकतात, नाहीतर मिळूनच हरतात. भांडण असतं शेजाऱ्याशी. शेवटी ज्याच्यापुढं जास्त चिपा, तो पहिला. हे साहेबांना पटकन कळेल असं मला वाटलं होतं, कारण सहकारात दुसरं काय असतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे डबल. पहिली दोन पानं बघून तुम्ही लावलेल्या चिपा दुप्पट करू शकता. बदल्यात एकच पान मिळतं. ते आडवं ठेवतात. त्यानंतर गप्प बसायचं, पुन्हा मागता येत नाही.

"दहा-अकरा आले की डबल," मी साहेबांना सांगायचो, "ते रोजच्या खेळात. स्पर्धेत शेवटच्या डावाला तुम्ही मागं असाल, तर काय बी येऊ दे. अठरा आले तरी डबल."

"बरोबर हाय," साहेब म्हणायचे आणि चहा मागवायचे.

टेबलाला सात खुर्च्या होत्या. आम्ही सातजणच होतो. साहेब, पाच संचालक आणि मी. पण डोंगळे संचालकांना बोट लागली. बोट नांगर टाकून उभी होती, पाणी हलत नव्हतं, तरी लागली. त्यांना वरच्या मजल्यावर पंख्याखाली झोपवलं आणि रिकाम्या खुर्चीवर कॅसिनोवाल्यांनी ह्या बाईंना आणून बसवलं. कमल हुक्केरी. बेळगावला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, आता रिटायर. नवरा जेवणाच्या टेबलापाशी झोपला होता. त्या आल्या होत्या एसीसाठी.

त्याच्या आधीच, जेट्टीवर, भाड्याचे बूट घालताना संचालकांची बैठक झाली होती. बोटीवर चपला चालत नाहीत, म्हणून बूट भाड्यानं मिळायचे. सगळ्यांच्या पायात एकसारखे काळे बूट आणि एकाचंही माप बरोबर नाही. मगदूम संचालकांनी ठराव मांडला, "कशाला आपापसात लढायचं? साहेबांस्नी बिनविरोध करूया." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं सोसायटी असो, शाळा असो की यात्रा कमिटी, माणसं आधी हेच बघतात. कुणालाही सुचलं नाही की पत्त्यात अर्ज मागं घेता येत नाही. तिथं माघार घ्यायची तर हरावं लागतं.

तेवढं मात्र त्यांनी मन लावून केलं. प्रत्येकाला हजार चिपा मिळाल्या होत्या. बाहेर त्यांची किंमत शून्य. एका डावाला कमीत कमी पन्नास लावायच्या, जास्तीत जास्त पाचशे. संचालक पाचशे लावायचे आणि बुडेपर्यंत पान मागत राहायचे. एकानं वीसवर मागितलं. पत्ते वाटणारी मुलगी मणिपूरची होती. तिनं हिंदीतून दोनदा विचारलं, "सर, पक्का?"

"पक्का," ते म्हणाले. "आम्ही चेअरमन के साथ है."

दोन डावांत तिघं उठले. अडकले ते मगदूम. त्यांना बुडताच येईना. पाच पानं मागितली, बेरीज बरोबर एकवीस. मुलीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या डावाला एक्का-राजा.

"साहेब, माफ करा," मगदूम घाम पुसत म्हणाले. "माझा इलाज चालंना."

"बघ प्रयत्न करून," साहेब म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता. एकदा एका निवडणुकीत मगदूमांनी असाच शेवटच्या क्षणापर्यंत अर्ज ठेवला होता.

सातव्या डावाला मगदूम एकदाचे बुडाले आणि दोरीपलीकडं उभ्या असलेल्या संचालकांनी त्यांना मिठी मारली. आता टेबलावर साहेब, मी आणि बाई. मलाही बुडायचं होतं. पण टेबलाजवळ फक्त खेळणाऱ्यालाच बसू देत होते, आणि मी उठलो असतो तर साहेबांना सांगणार कोण? म्हणून मी पन्नास-पन्नास लावत बसलो. राहिल्या फक्त बाई.

मगदूम दोरीवरून वाकले. "वाइंगडे, त्यांना म्हणावं, दोन किलो तूप घरपोच करतो. संघाचं."

मी बाईंना सांगितलं.

"तूप चांगलं असतंय काय हो तुमचं?"

मी टेस्टर. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "बरं असतं," मी म्हणालो.

"मग विकत घेईन की. आणि माघार कसली घ्यायची? मी कुठं अर्ज भरलाय? ह्यांनी बसवलंय, बसलेय." त्यांनी माझ्यापुढं डबी धरली. "घ्या. तोंड कोरडं दिसतंय तुमचं."

त्या खेळायच्या शिवण घातल्यासारखं. घाई नाही, हाव नाही. सतरा आले की थांबायच्या. आमचे साहेब उलट. अकरा आले तरी डबल करायचे नाहीत. "आहे ते बरं आहे" म्हणून एकच पान मागायचे, त्याच चिपांवर. मी पायानं पाय दाबायचो. पण बूट दोघांचेही मोठे, त्यामुळं त्यांना काही पोचत नव्हतं.

बाराव्या डावाला मला हिशेब मांडून बघावासा वाटला. कुणाकडं किती, कोण किती लावेल, काय झालं तर काय. कागद हवा होता. पिशवीत एकच होता. मी तो काढला, उलटा केला आणि मागं पेन्सिलीनं आकडे लिहायला लागलो.

टाय घातलेला एक माणूस आला. "सर, टेबलपे लिखना अलाऊड नहीं."

"बस, दो मिनिट."

त्यानं कागद हातातून अलगद घेतला, मधोमध घडी घातली, फाडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा फाडला. चार समान तुकडे केले, टेबलाखालच्या टोपलीत टाकले आणि "थँक यू सर" म्हणून निघून गेला. टिंबटिंबाची ओळ वरच्या तुकड्यावर दिसत होती.

साहेबांनी बघितलं. "काय होतं रं?"

"माझी ऑर्डर."

"आसू दे," साहेब म्हणाले. "टाईप करायला किती येळ लागतोय."

चौदा डाव झाले. बाईंकडं चौदाशे, साहेबांकडं बाराशे, माझ्याकडं अकराशे. शेवटचा डाव. तिघांनीही पाचशे-पाचशे लावले. साहेबांना दश्शी आणि अठ्ठी. बाईंना राजा-राणी. मला गुलाम आणि अठ्ठी. मुलीपुढं छक्की उघडी होती, म्हणजे तिचीच बुडायची शक्यता जास्त होती.

सगळ्यांत आधी साहेबांनी बोलायचं होतं. ते माझ्याकडं वळले.

"डबल," मी म्हणालो.

"अठरावर?"

"अठरावर."

"डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"साहेब, नुसतं जिंकलात तर तुमचे सतराशे होतील. बाईंकडं वीस आहेत. तुम्ही जिंकाल तेव्हा त्या पण जिंकणार. त्यांचे एकोणीसशे. डबल केलंत आणि लागलं, तर तुमचे बावीसशे."

"आन न्हाई लागलं तर?"

"तर तसे पण दुसरेच आहात."

दोरीपलीकडून मगदूम बोलले, "साहेब, ऐकू नका. अठरा म्हंजे फर्स्ट क्लास हाय. फर्स्ट क्लासला हात लावू नका."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. पाणी घातलेलं दूध बघावं तसं. "वाइंगडे, खरं सांग. तुला हिर्डेकरानं सांगितलंय का आसं करायला?"

"मी हिर्डेकरसाहेबांशी आयुष्यात बोललेलो नाही."

"मग आसं का सांगतूस?"

मी तेच आकडे पुन्हा बोटांवर मोजून दाखवायला लागलो. साहेबांनी तळहात टेबलावरून आडवा फिरवला. नको.

झालं. पानं कशीही येऊ देत, साहेब आता पहिले येणार नव्हते. म्हणजे सहीही येणार नव्हती. बाईंनी आपल्या वीसकडं बघितलं, सुपारी चघळली आणि हात हलवला. नको.

माझी पाळी आली.

तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. काही नाही. पाय दुखत होते. सकाळी पाचला दूध घेऊन सहाच्या गाडीत बसलो होतो. एवढं शिकलो ते खरं होतं की खोटं, तेवढं बघून घरी जावं असं वाटलं. मी आणखी पाचशे पुढं सरकवले आणि एक बोट वर केलं.

मुलीनं पुन्हा विचारलं, "सर, पक्का?"

मी मान हलवली. तिनं पान आडवं ठेवलं. बदामाचा एक्का. एकोणीस.

मग तिनं स्वतःचं झाकलेलं पान उलटलं. दश्शी. सोळा झाले. नियमानं तिला आणखी एक घ्यावंच लागलं. नव्वी. पंचवीस. ती बुडाली, आम्ही तिघंही जिंकलो.

आता हे जे झालं ते फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकतं. साहेबांनी दोन्ही हात वर केले. डाव जिंकला होता, खोटं नव्हतं. मगदूमांनी ते हात बघितले आणि पिशवीत हात घातला. पिशवीत घरून आणलेला हार होता, नारळ होता आणि गुलालाची पुडी होती. हार साहेबांच्या गळ्यात पडला आणि गुलालाची मूठ हवेत गेली.

बंद खोली. एसी. गुलाल कुठं कुठं गेला ते काय सांगू. हिरवं टेबल गुलाबी झालं. मुलीचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. शेजारच्या टेबलावरचे गुजराती शिंकत उभे राहिले. चार पहिलवान धावत आले आणि त्यांनी मगदूमांना हातातल्या नारळासकट उचलून बाजूला ठेवलं. त्या गोंधळात टायवाला माईकवर म्हणाला, "विनर, मिस्टर वैंगडे."

"कोण?" साहेब म्हणाले.

फोटो निघाला. मी मधोमध, हातात कप. एका बाजूला साहेब, बुटापासून टोपीपर्यंत गुलाल, गळ्यात हार. दुसऱ्या बाजूला बाई. त्या माझ्या बाजूला झुकून हळूच म्हणाल्या, "मी पान मागितलं नाही, मधे दुसरं कुणी नाही. तो एक्का त्यांचा होता हो."

"माहीत आहे."

"सांगू नका त्यांना. झोप लागायची नाही."

कपाबरोबर टायवाल्यानं मला एक निकालपत्रक दिलं. जाड कागद, वर राणीचं चित्र, खाली पंधरा डावांचे आकडे. मागची बाजू कोरी.

जेट्टीवर उतरून बूट परत करत होतो तेव्हा माझा मोबाईल वाजला. मी बाजूला जाऊन बोललो. परत आलो तर साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

गाडीत कप माझ्याच मांडीवर होता. सामान सांभाळणं रोजंदारीवाल्याचं काम. सावंतवाडी मागं पडली. मग साहेब पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले, "नावाची पट्टी दोन स्क्रूवर बसवलीय. उद्या दुसरी करून आणायची. संघाचं नाव, खाली माझं."

"बरं. आणि साहेब, माझी सही?"

"कागद कुठाय?"

"फाडला की. तुमच्यासमोर."

"मग नवा टाईप कर. वार्षिक सभा हू दे, बघू." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आन बोलणं काय झालं हुतं, वाइंगडे? मी कप आणला की सही. मी आणला का?"

मगदूम म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पिशवी हलकी लागत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यात तो कागद नव्हता.

आंबोलीला गाडी चहाला थांबली. दिवस मावळत होता, थंडी पडायला लागली होती. सगळे चहा पिऊन गाडीत बसले. मी टपरीसमोरच्या बाकड्यावर कप शेजारी ठेवून बसून राहिलो. आणखी एक चहा सांगितला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला. मगदूम खाली आले.

"वाइंगडे, चल की."

"मी येत नाही, मगदूमसाहेब. हिर्डेकरसाहेब गाडी पाठवतायत."

एवढंच बोललो, आणि चहाच्या ग्लासात बघायला लागलो.

मगदूम पळत गाडीकडं गेले. आत काहीतरी झालं, कारण गाडी जागच्या जागी हलली. मग साहेब उतरले. हार अजून गळ्यातच होता. ते येऊन बाकड्यावर माझ्याशेजारी बसले, कपाच्या पलीकडं. 

"मघाशी जेट्टीवर फोन आला त्यो त्येचाच न्हवं?"

मी चहावर फुंकर मारली.

"तरी म्हटलं, एवढा बाजूला जाऊन कुणाशी बोलतोय." त्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले, "लगीच कायम करतो म्हणाला आसंल."

मी बिस्कीट बुडवलं.

"आन कप तिकडं घिऊन ये म्हणाला आसंल. व्हय की. म्हंजे त्येच्याकडं दोन कप. मी कुणाच्या मयताला बी गेलो तरी शोकेसमधी दोन कप." त्यांनी हारातलं एक फूल तोडलं. "ऱ्हायला खोली बी दिली आसंल."

माझं बिस्कीट मोडून चहात पडलं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. साहेबांना ते हो वाटलं.

"खोली काय, मी बी देतो," ते म्हणाले. "दूध सेंटरच्या मागची. पत्रा बदलून देतो."

मला बोलावंसं वाटत होतं. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. पण आडवं पान पडलं की डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नसतं, एवढं त्या छापील पानांनी मला शिकवलं होतं. 

"मगदूम," साहेबांनी हाक मारली. "कागद आणा."

कागद गाडीत कुणाकडं नव्हता. अभ्यास दौऱ्याला वही न्यायची कुणाला आठवण राहत नाही. मी पिशवीतून निकालपत्रक काढलं आणि कोऱ्या बाजूनं बाकड्यावर ठेवलं. मगदूमांनी खिशातलं पेन काढलं. त्यांना असल्या गोष्टीत घाईगडबड आवडायची नाही.

"तातडीची सभा धरावी लागंल साहेब. कोरम बघतो." त्यांनी गाडीकडं बघून मोजलं. "तिघं आत, मी, तुम्ही. डोंगळे?"

मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला.

"डोंगळे हजर," मगदूमांनी लिहिलं. "ठराव क्रमांक एक. सूचक मगदूम, अनुमोदक डोंगळे. श्री. वाइंगडे यांना टेस्टर पदावर आजपासून कायम करण्यात येत आहे. राहण्यास खोली देण्यात येत आहे. पत्रा बदलून. सर्वानुमते."

साहेबांनी सही केली. बोटाला गुलाल होता, तो सहीखाली उमटला. मी कागद उचलला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि मग बोललो.

"चला साहेब. उशीर होतोय."

"आधी त्येला फोन लाव. सांग येत न्हाई म्हणून. माझ्यादेखत."

मी मोबाईल काढून बघितला. "रेंज नाही साहेब इथं."

"मग उद्या लाव," साहेब म्हणाले आणि कप उचलून गाडीत जाऊन बसले.

तो कागद माझ्या सर्व्हिस बुकात रिटायर होईपर्यंत होता. दर दोन-तीन वर्षांनी नवा ऑडिटर यायचा, राणीचं चित्र बघायचा, उलटं करून ठराव वाचायचा, पुन्हा राणीकडं यायचा. मग मला बोलावून विचारायचा, हे काय आहे. मी म्हणायचो, अभ्यास दौरा.

त्या रात्री घरी गेलोच नाही. सकाळचं दूध होतं, सेंटरवरच रिकाम्या गोण्यांवर आडवा झालो. दूध घेऊन, मशीन धुऊन नऊ वाजता घरी पोचलो. बायको चुलीपाशी होती. मी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं हात पदराला पुसले, मागचं-पुढचं दोन्ही वाचलं, गुलालाच्या ठशावर बोट ठेवलं.  मग तिनं कागद देवापुढं ठेवला आणि येऊन माझी पिशवी उलटी केली. आत टॉवेल होता आणि बाईंनी निघताना बांधून दिलेली आवळासुपारीची एक पुडी.

"काजू कुठायत?"

"राहिले."

"अहो, बोटीवरून उतरलात तेव्हाच फोन करून सांगितलं होतं की. अर्धा किलो, तुकडा. तुम्ही हो पण म्हणालात."

"हो," मी म्हणालो आणि भिंतीला टेकून बसलो. "त्या फोनचं दुसरंच काम झालं."